ऐकलेल्या शब्दाची साक्ष

देवाचे किंवा संताचे बोलणे आपल्यापर्यंत येते ते कोणाच्या तरी कानातून. वऱ्हाडात हे विशेषच खरे आहे. रिद्धपूरच्या गुंडम राऊळांनी, म्हणजे गोविंदप्रभूंनी, एक अक्षर लिहून ठेवलेले नाही. त्यांच्यापासून शक्ती स्वीकारलेल्या, महानुभाव पंथाच्या चक्रधरांनीही लिहिले नाही. जे आहे ते शिष्यांनी ऐकलेले. लोणी टाकळीचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले, त्यामुळे शास्त्रे त्यांच्याकडे आली ती दुसऱ्यांनी वाचून दाखवलेल्या स्वरूपात. शेंडगावात जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढलेले गाडगेबाबा निरक्षर होते; त्यांचे सारे काम तोंडी. तेव्हा वऱ्हाडच्या धर्मविचाराला एक प्रश्न टाळता येत नाही. एकच बोलणे ऐकून दोन माणसे दोन निवाडे देत असतील तर ऐकलेल्या शब्दाला प्रमाण कशाच्या बळावर मानायचे? याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. शब्द स्वतः शुद्धच असतो, फरक पडतो तो ऐकणाऱ्याच्या दोषामुळे, हे पहिले. आणि ज्याचा त्याचा कान वेगळा, त्यामुळे खरे असे काही नाहीच, हे दुसरे. मला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात, आणि ती का चुकीची आहेत याचा पुरावा धर्मग्रंथांपेक्षा अगदी वेगळ्या जागी, दूरध्वनीच्या परीक्षणशाळेत मिळतो.

दूरध्वनीच्या तारेतून किंवा लहरींतून येणारा आवाज किती चांगला आहे हे ठरवण्याचे एकही यंत्र सुरुवातीला नव्हते. म्हणून माणसांनाच विचारायची पद्धत पडली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तिचे नियम घालून दिले, पी. ८०० या नावाने ओळखला जाणारा दस्तऐवज १९९६ चा आहे. शांत खोलीत श्रोत्याला बसवतात. त्याला छोटी, रोजच्या बोलण्यातली, एकमेकांशी संबंध नसलेली वाक्ये ऐकवतात. एक नमुना साधारण आठ सेकंदांचा. तो संपला की श्रोत्याने पाचांपैकी एक गुण द्यायचा: पाच म्हणजे उत्कृष्ट, एक म्हणजे अगदी वाईट. मग पुढचा नमुना, पुन्हा गुण, असे बराच वेळ. सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढली की त्या जोडणीचा सरासरी मतांक हाती येतो. यातली एक अट विचार करण्यासारखी आहे. हे श्रोते तज्ज्ञ नकोत. दूरध्वनीच्या धंद्यातले नकोत, आदल्या वर्षभरात अशा ऐकण्याच्या चाचणीत बसलेले नकोत, आणि ती वाक्ये त्यांनी आधी ऐकलेली नकोत. आपल्याकडे शास्त्र ऐकायला अधिकारी लागतो. इथे मुद्दाम अनधिकारी शोधतात, कारण दूरध्वनी अनधिकाऱ्यासाठीच असतो.

मग प्रश्न आला देशांचा. दूरध्वनी एका देशातून दुसऱ्या देशात जातो, तेव्हा तो दोन्हीकडे सारखाच चांगला वाटतो का? डी. जे. गुडमन आणि आर. डी. नॅश यांनी १९८२ मध्ये याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला: संप्रेषणाच्या त्याच त्या अवस्था सात वेगवेगळ्या देशांतल्या श्रोत्यांना कशा वाटतात? अशा तुलना तेव्हापासून पुष्कळ झाल्या, आणि त्यातून एक गोष्ट या क्षेत्रात पक्की झाली. एका देशातल्या प्रयोगशाळेचा आकडा दुसऱ्या देशातल्या आकड्याशेजारी सरळ ठेवता येत नाही. कारणे अनेक आहेत. श्रोत्याला त्याच्याच भाषेतली वाक्ये ऐकवावी लागतात, म्हणजे माल तोच राहत नाही. पाच पायऱ्यांची नावे भाषांतरित झाली की पायऱ्यांमधले अंतर सगळीकडे सारखे राहत नाही. कुठे लोक टोकाचे गुण द्यायला कचरतात, कुठे सढळ हाताने देतात. त्यात संगतीचाही परिणाम असतो: जुन्या तारांच्या दूरध्वनीला फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा मिळे, आणि स आणि फ यांची ओळख पटवणारा बराचसा अंश त्याच्या वर राहून जाई, तरी तेवढ्याच पट्ट्याच्या आवाजांत तो आवाज चांगले गुण घेई. तोच नमुना ७००० हर्ट्झपर्यंतच्या आवाजांच्या रांगेत बसवला की त्याचे गुण उतरतात. नमुन्यात काहीही बदललेले नसते.

इथवर दुसऱ्या उत्तराचा, म्हणजे ज्याचा त्याचा कान या उत्तराचा, विजय झाल्यासारखा दिसतो. पण पुढे पाहिले पाहिजे. आकडे देशोदेशी सरकतात, पण क्रम बऱ्याच अंशी टिकतो. एका ठिकाणी जी जोडणी दुसरीपेक्षा वाईट ठरते ती दुसऱ्या ठिकाणीही सहसा वाईटच ठरते. तो क्रम श्रोत्यांनी आपसांत ठरवलेला नसतो. ते एकमेकांना ओळखतही नाहीत. मग तो आला कुठून? आवाजातून. आणि अभियंत्यांनी याचा उपयोग करून एक फार शहाणी युक्ती काढली. प्रत्येक चाचणीत ते काही ठरावीक बिघडवलेले नमुने मिसळतात. बोलणाऱ्याचा आवाज चढला की चढणारी आणि उतरला की उतरणारी खरखर त्यात मोजून घातलेली असते, आणि तिचे प्रमाण डेसिबलमध्ये माहीत असते. मग प्रत्येक देशातल्या श्रोत्यांना विचारता येते: ही नवी जोडणी त्या माहीत असलेल्या खरखरीपैकी कोणत्या पायरीइतकी वाईट वाटली? अमुक देशाने ३.१ दिले आणि तमुकने २.६, याला फारसा अर्थ नसतो. पण दोघांनीही ती जोडणी मापाच्या त्याच पायरीशी नेऊन बसवली, तर त्याला अर्थ असतो. गुण श्रोत्याचा असतो. त्या गुणांतले चढउतार मात्र श्रोत्याच्या मालकीचे नसतात.

हे मला धर्मविचारासाठी महत्त्वाचे वाटते. निवाडा हे श्रोता आणि आवाज यांच्यातले नाते आहे, त्यामुळे एकट्या निवाड्यावरून आवाजाविषयी थोडेच कळते. पण अनेक श्रोत्यांचे निवाडे, ते श्रोते कोण, कुठले, आणखी काय ऐकून बसलेले होते या माहितीसह हाती असतील, आणि सगळ्यांना सामायिक असे एखादे माप असेल, तर त्या नात्यातून आवाजाची बाजू बरीच वेगळी काढता येते. श्रोत्यांमधला मतभेद म्हणजे सत्य नसल्याचा पुरावा नव्हे. मतभेद नीट टिपून ठेवला तर तोच सत्याकडे जाण्याचा मार्ग ठरतो, आणि पुसून टाकला तर मार्ग बंद होतो. हे काम वऱ्हाडात सातशे वर्षांपूर्वी झालेले आहे, आणि तेही कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय.

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात गोविंदप्रभू राहत. त्यांचे वागणे-बोलणे विलक्षण होते. बोलणे तुटक, रागे भरल्यासारखे, कधी मुलासारखे, आणि भटकणे घरोघर. गावातल्या काहींना ते वेडे वाटत, तर चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य आणि त्यांच्यासोबतच्या मंडळींना ते साक्षात परमेश्वरावतार. दोन्ही गटांच्या कानांवर पडत होते ते शब्द तेच होते. चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्यांसह गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी रिद्धपुरात आले, आणि तिथे म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा करून लीळाचरित्र रचण्याचे काम हाती घेतले. हे म्हाइंभट सराळ्याचे पंडित. चक्रधरांकडे प्रथम आले ते विद्येचा अभिमान घेऊन, वाद करायला. म्हणजे विरोधी श्रोता काय ऐकतो आणि अनुकूल झालेला श्रोता काय ऐकतो हे दोन्ही त्यांना स्वतःवरून माहीत. त्यांनी आपल्या आठवणींवर ग्रंथ रचला नाही. ज्याच्या समोर जे घडले त्याच्याकडे गेले, त्याला विचारले, आणि जे मिळाले ते नागदेवाचार्यांसमोर ठेवून पारखून घेतले. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर त्यांचेही चरित्र म्हाइंभटांनी याच रीतीने उभे केले, आणि त्यात गावकऱ्यांना ते वेडे वाटत ही गोष्ट लपवलेली नाही. भक्ताने लिहिलेल्या चरित्रात विरोधी निवाडा जागच्या जागी राहू दिला आहे, याला मी फार मानतो.

पुढे जे झाले ते तर या विषयाचे मर्मच आहे. परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, असे पंथाची परंपरा सांगते. ज्यांना ते पाठ होते किंवा ज्यांनी ते ऐकले होते त्यांच्याकडून ते पुन्हा उभे करावे लागले, आणि साहजिकच सगळ्यांचे पाठ सारखे निघाले नाहीत. हिराइसेचा पाठ एक, रामेश्वरबासांचा दुसरा, परशरामबासांचा आणखी वेगळा. अशा वेळी कोणत्याही संप्रदायाला सर्वांत सोपी वाट म्हणजे एक अधिकृत मजकूर ठरवायचा आणि बाकीचे बुडवायचे. महानुभावांनी पाठभेद नावानिशी जपले. अमक्याच्या म्हणण्याप्रमाणे असे, तमक्याच्या म्हणण्याप्रमाणे तसे. त्यामुळे आज लीळाचरित्र हाती घेणाऱ्याला एका लीळेचे दोन-तीन कान दिसतात. कोणी शब्द लांबवला आहे, कोणी प्रसंगाची जागा बदलली आहे. आणि जिथे सगळे कान जुळतात तिथे आपण चक्रधरांच्या तोंडच्या बोलण्याच्या जितके जवळ जाता येईल तितके गेलेले असतो. एक सफाईदार, एकसंध मजकूर हाती असता तर ही जवळीक कुठे आहे आणि कुठे नाही हे कळायला काहीच साधन उरले नसते.

यावर परंपरेकडूनच एक जड आक्षेप येईल. शब्दाचे प्रामाण्य श्रोत्यावर टांगायचे तर शब्दप्रमाणच कोसळते. मीमांसक तर वेद अपौरुषेय आणि ज्ञान स्वतःप्रमाण मानतात, मग श्रोत्यांच्या साक्षी गोळा करण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन मीमांसकांच्या भूमिकेतच आहे. ज्ञान स्वतः प्रमाण असते, पण अप्रामाण्य बाहेरून, कारणात दोष आढळल्यावर ठरते, असे ते म्हणतात. म्हणजे दोष शोधण्याची वाट त्यांनी बंद केलेली नाही. उलट सगळा भार त्या शोधावर टाकलेला आहे. आणि वैदिकांनी प्रत्यक्षात काय केले ते पाहावे. संहितेबरोबर पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ. तेच शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे असे गुंफून म्हणायचे, म्हणजे एका पाठात चूक शिरली तर दुसरा ती उघडी पाडतो. शब्दाच्या वाहतुकीत बिघाड होतो हे ज्यांना ठाऊक होते तेच एवढा खटाटोप करतील. नैयायिक तर अधिक मोकळे आहेत. त्यांनी शब्दाचे प्रामाण्य आप्ताच्या, म्हणजे जाणत्या आणि जसे जाणले तसे सांगू इच्छिणाऱ्या माणसाच्या, बोलण्यावर उभे केले. आणि न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे म्हणतो. साक्षीदाराची परीक्षा देश आणि कूळ पाहून होत नाही, हे इतक्या जुन्या काळी इतक्या स्पष्टपणे मांडलेले वाचून आजही आनंद होतो.

दुसरा आक्षेप आधुनिक माणसाचा. साक्षी वेगळ्या पडतात ना, मग पुष्कळ साक्षी घ्या आणि सरासरी काढा. एकेकाची चूक एकमेकांत जिरून जाईल. दूरध्वनीचे जाळे उभारताना हे बरोबर आहे, कारण तिथे उद्याच्या लाखो अनोळखी माणसांना काय वाटेल एवढेच हवे असते. पण तिथेसुद्धा सरासरी फसवू शकते. निम्म्यांनी पाच आणि निम्म्यांनी एक दिला तरी सरासरी तीन, आणि सगळ्यांनी तीन दिले तरी तीनच. पहिल्या खोलीत दोन तट पडलेले आहेत, दुसरीत सगळे एकमताने बेताचे म्हणत आहेत, आणि कागदावर दोन्ही एकच. गोविंदप्रभू कोणाला वेडे, कोणाला ईश्वर. याची सरासरी काढली तर थोडासा विक्षिप्त असा एक सत्पुरुष हाती येतो, आणि रिद्धपुरात तसे कोणी कधीच म्हणाले नव्हते. सरासरी चुका जिरवते तेव्हा साक्षीदारालाही जिरवते. एकदाच घडलेल्या बोलण्याच्या बाबतीत साक्षीदार हेच आपले सर्व भांडवल असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. सगळ्यांच्या साक्षी ठेवायच्या म्हटले की कोणीही उठून काहीही सांगेल. दूरध्वनीवाल्यांकडे मोजून घातलेली खरखर आहे. संतवचनाला तसे सामायिक माप कुठले? सातशे वर्षांपूर्वीच्या बोलण्याला ते पुरते मिळत नाही, हे कबूल केले पाहिजे. म्हाइंभटांनी दोन अटी घालून काम भागवले: सांगणारा तिथे हजर असावा, आणि सांगितलेले नागदेवाचार्यांसारख्या दुसऱ्या हजर माणसाच्या नजरेखालून जावे. पण विसाव्या शतकात वऱ्हाडला असे माप खरोखरच मिळाले आहे. गाडगेबाबांचे ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्याच वर्षी २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगाव इथे पेढी नदीच्या परिसरात त्यांचे देहावसान झाले. म्हणजे बाबांचा आवाज आपल्याकडे आहे, आणि बाबांना ऐकलेल्या माणसांनी लिहिलेलेही आहे. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९५२ मध्ये चरित्र लिहिले; गो. नी. दांडेकरांनी बाबांसोबत हिंडून लिहिले. प्रबोधनकारांच्या कानाने सावकारी, नवस, दारू आणि अस्पृश्यता यांच्यावर आसूड ओढणारा सुधारक अधिक टिपला. गोनीदांच्या कानाने चिंध्या पांघरलेला, कुणाच्याच हाती न लागणारा विरक्त अधिक टिपला. दोघांपैकी कोणीही खोटे सांगत नाही. आता ध्वनिमुद्रण लावून ऐकावे. बाबा व्याख्यान देत नाहीत. वऱ्हाडी बोलीत लहानलहान प्रश्न टाकतात, समोरचा समुदाय उत्तर देतो, ते उत्तर धरून पुढचा प्रश्न येतो. मधेच भजन, मधेच टोचणी. श्रोत्यांचा निवाडा इथे नंतर घ्यावा लागत नाही, तो बोलण्याच्या आतच आहे, आणि फितीवर बाबांच्या आवाजाशेजारी उमटलेला आहे. हे ऐकल्यावर कळते की लिहिलेल्या चरित्रांतून गळतो तो हाच, समुदायाच्या उत्तराचा आवाज. आणि तो कोणत्याही लेखकाच्या हातून गळतोच. एका चरित्राला दुसऱ्याशी कितीही ताडून पाहिले असते तरी हे उमगले नसते. सामायिक माप लागते ते यासाठी.

आवाजाचा दर्जा आणि वचनाचे सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये, असेही कोणी सांगेल. बरोबर आहे. दूरध्वनीशास्त्रातही आवाज चांगला लागतो का हा प्रश्न आणि शब्द कळतात का हा प्रश्न वेगवेगळ्या चाचण्यांनी तपासतात. तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेसाठी गेले, तेव्हा त्यांच्या खंजिरीवरच्या भजनाचा अर्थ तिथल्या बहुतेकांना शब्दशः कळला नसणार, तरी आवाज त्यांच्यापर्यंत पोचला. मोझरीच्या गुरुकुंजात बसलेल्या शेतकऱ्याला दोन्ही पोचत होते. त्या दोन श्रोत्यांच्या निवाड्यांना एका पट्टीवर बसवणे चूकच. पण ही चूक टाळायची असेल तरी आधी कोण श्रोता, कुठला, त्याला भाषा कळत होती का, हे नोंदलेले असावे लागते. म्हणजे आक्षेप मान्य केला तरी गाडी पुन्हा म्हाइंभटांच्याच पद्धतीपाशी येते.

रिद्धपुरात २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. गाडगेबाबांना किंवा तुकडोजी महाराजांना समोर बसून ऐकलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, आणि ती दर्यापूर, अचलपूर, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर अशा गावांत विखुरलेली आहेत. या विद्यापीठाने त्यांच्याकडे जावे, बांद्र्याचे तेच कीर्तन सगळ्यांना ऐकवावे, आणि प्रत्यक्ष ऐकले होते त्यापेक्षा यात काय कमी आहे, काय वेगळे आहे, एवढेच विचारावे. मुंबईत किंवा पुण्यात बाबांना ऐकलेले कोणी सापडले तर त्यांनाही तेच ऐकवून तेच विचारावे. उत्तर ज्या बोलीत येईल त्या बोलीत, डोळ्याला डोया म्हणणाऱ्याचे तसेच, सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि कीर्तन कुठे ऐकले ते लिहून, दुसऱ्याच्या उत्तरात न मिसळता ठेवावे. म्हाइंभटांना जिथे नुसत्या आठवणींवर भिस्त ठेवावी लागली तिथे या पिढीपाशी आवाजही आहे आणि आठवणही आहे, पण दोन्ही एकत्र असण्याचा काळ आता फार तर दहा वर्षांचा उरला आहे.